दहावीतली मुलगी जेवत नाही, 'मी जाडी आहे' म्हणते. थेरपीने फरक पडतो का?

ताई, पडतो. तुम्ही लिहिलंय की मुलीचं वजन चार महिन्यांत ९ किलोंनी उतरलं, पाळी थांबली आणि घरचे म्हणतात, "वयाचं खूळ आहे, जाईल." मी बेळगावात मुलामुलींचं समुपदेशन करते, म्हणून स्पष्ट सांगते: ही ॲनोरेक्सियाची, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडायच्या आजाराची लक्षणं वाटतात. आता वाट बघू नका.

आधी डॉक्टर. नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस तपासून घ्या. जागेपणी नाडी मिनिटाला ५०च्या खाली असेल किंवा चक्कर येऊन पडत असेल, तर दाखल करावं लागतं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि बरेच दिवस जवळजवळ उपाशी असेल तर एकदम ताट भरून वाढू नका. रक्तातला फॉस्फरस झपकन उतरतो, ते जिवावर बेतू शकतं. खाणं कसं वाढवायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

या वयात पहिली निवड असते ती कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या थेरपीची. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये १९८०च्या दशकात ती आकाराला आली. 'आधी मनातलं कारण शोधू, मग ती जेवेल' असं त्यात नसतं. आधी पोटात अन्न जायला हवं. काय आणि किती वाढायचं हे काही महिने आईवडील ठरवतात. वजन सावरलं की जेवण हळूहळू पुन्हा तिच्या हाती सोपवतात. साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. दुसऱ्या बैठकीला तर घरचा डबा नेऊन सगळ्यांनी थेरपिस्टसमोर जेवायचं असतं. मुलगी भाकरीचा तुकडा चुरत बसते, आमटीवरचं तेल चमच्याने बाजूला सारते. बाबांना बघवत नाही, ते म्हणतात, "राहू दे, नको असेल तर." थेरपिस्ट तिथेच थांबवतात आणि आणखी एक घास कसा जाईल ते दाखवतात. ओरडायचं नाही, लालूच दाखवायची नाही. "भीती वाटतेय ते कळतंय, तरी हा घास घ्यायचाय," इतकंच, शांतपणे, पुन्हा पुन्हा.

उपवासांकडे लक्ष ठेवा. संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार असे एकामागून एक उपवास धरणारी मुलगी आपल्याकडे गुणाची ठरते, आणि आजार त्याआड लपतो. सध्या सगळे बंद. हे आजीच्या तोंडून आलं तर उत्तम: "आजारी माणसाला उपवास नसतो गं." पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवा, तिच्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलायचं नाही. "किती छान बारीक झालीस" हेसुद्धा नाही.

तुमच्या खानापूरहून लोंढा-अळणावर मार्गे रेल्वेने धारवाड गाठता येतं. तिथे डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. जाण्याआधी मराठी बोलणारं कोणी आहे का विचारा. शाळेत कन्नड, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी लाजेच्या गोष्टी मुलं घरच्या भाषेतच बोलतात. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो, भाषा निवडता येते. 'मरावंसं वाटतं' असं ती कधी बोलली, तर वेळ बघू नका, तिला एकटं सोडू नका, थेट हॉस्पिटल गाठा.