सहा माणसं, आठ लाख आणि जुनी डिझेल एसयूव्ही

जुनी डिझेल एसयूव्ही कोणती घ्यावी हे विचारताना तुम्ही लिहिलंय की घरात सहा जण, तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आईबाबा, बजेट आठ लाख, पुण्यात वाकडमध्येच सहा किलोमीटरवर ऑफिस आणि महिन्यातून एकदा ताम्हिणी घाटातून दापोलीला गावी. यादीत २०१७ ची क्रेटा, २०१६ ची डस्टर, २०१७ ची एक्सयूव्ही ५०० आणि एक २०२१ ची बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) कॉम्पॅक्ट. एक्सयूव्ही सोडली तर बाकी तिन्ही पाच सीटर आहेत हो. गाड्या चांगल्याच आहेत, पण सहावं माणूस कुठे बसणार? धाकटा आजीच्या मांडीवर असं ठरवलं असेल तर प्लीज नको, ताम्हिणीच्या वळणात एखादा जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कोणालाच धरता येत नाही. त्यामुळे माझ्या मते या तीन आत्ताच यादीतून काढा.

दुसरं, डिझेल घ्याच, पण पैसे वाचतील म्हणून नाही. तुमचं रनिंग महिन्याला सहाशे किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरा, पेट्रोल अर्टिगा (तीही सात सीटरच) लिटरला १४ चं अॅव्हरेज देईल, एक्सयूव्ही १२ चं, दोघींचाही महिन्याचा खर्च साडेचार हजारच येतो बघा, वर डिझेलचं सर्व्हिसिंग महाग. डिझेल घ्यायचं ते सहा माणसं आणि सगळं सामान भरून घाट चढताना गाडी ओढते म्हणून, एक्सयूव्हीला ३३० एनएमचा टॉर्क (ओढायची ताकद) आहे आणि तो १६०० आरपीएमपासूनच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो, सारखं गिअर पाडायला लागत नाही. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं नसेल तर अर्टिगा घ्या, अजिबात वाईट वाटून घेऊ नका.

बीएस ६ ला माझा नकार आणखी एका कारणासाठी आहे. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, तो काजळी अडवतो आणि मग तापवून जाळतो, त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या स्पीडने पळायला लागते. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे सहा किलोमीटर म्हणजे इंजिन तापतंय न तापतंय तोवर ऑफिस आलं, मग जाळण्याचं काम सारखं अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. रोज हायवेवर जाणाऱ्याने बीएस ६ जरूर घ्यावी, तुम्ही त्याआधीची बीएस ४ च बघा.

आता ती एक्सयूव्ही. बघायला जाताना आईंना बरोबर न्या, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतोय. मी आमच्या गाडीच्या वेळी आईला सगळ्यात शेवटी नेलं, डिलिव्हरीच्या दिवशी. तिने एक पाय आत टाकला आणि धरायला काही सापडतंय का म्हणून दाराच्या कडेवर हात फिरवत राहिली, दुसरा पाय उचलेनाच. नंतर फूटबोर्ड बसवला, पण तोपर्यंत ती महिनाभर गाडीत बसायचं टाळत होती आणि ते मला आजही लागतं. मुलं तिसऱ्या रांगेत, आईबाबा मधल्या, असं सगळ्यांना बसवून अर्धा तास फिरवा. तिसरी रांग उघडली की डिकी जवळजवळ उरतच नाही, बॅगा कुठे ठेवणार तेही तिथेच ठरवा.

विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर विचारा का. थंड इंजिन दोन सेकंदात सुरू व्हायला हवं. निळा धूर दिसला तर ऑइल जळतंय, तिथूनच परत फिरा. आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचं झाकण उघडून बघा, फसफस वाफ जोरात बाहेर येत असेल तर इंजिन थकलंय. आणि किलोमीटरवर जाऊ नका, २०१७ ची डिझेल आणि ४० हजारच पळालेली असं कोणी म्हटलं तर मला आधी शंका येते, त्यापेक्षा सगळी बिलं असलेली ९५ हजारवाली मी कधीही घेईन.

पुराचं पाणी लागलेली गाडी ओळखायला शिका. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यातल्या सगळ्याच गाड्या काही भंगारात गेल्या नसतील. २०२२ मध्ये मी एका गाडीला ११ हजार टोकन दिलं होतं, चकचकीत, आत परफ्यूमचा घमघमाट. दुसऱ्यांदा बघताना मधला सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला तर शेवटच्या वीतभर पट्टीवर वाळलेल्या गाळाची रेघ. स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलं तर तसाच बारीक चिखल. टोकन परत मिळालं नाही, गेलं तर गेलं. तुम्ही हे पहिल्याच फेरीत बघा, सगळे बेल्ट, सीटचे रूळ आणि कार्पेटखालचा पत्रा.

कागदांचं थोडक्यात: बँकेचा बोजा उतरलाय का, चलन बाकी आहेत का, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि इन्शुरन्स १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका. दिल्ली पासिंगची स्वस्त मिळतेय म्हणून भुलू नका, एनओसी आणायची, इथला रोड टॅक्स परत भरायचा, त्यात स्वस्ताई संपते.

आठ लाखातली गाडी सव्वासातला बसवा, टायर, बॅटरी, सस्पेन्शन आणि क्लच यात उरलेले कधी जातील कळणार नाही. एक्सयूव्ही मनासारखी नाही मिळाली तर जुनी २.५ लिटर इंजिनवाली इनोव्हा बघा, याच पैशात जास्त पळालेली मिळेल, पण आत चढायला ती खूपच सोपी आहे, आईंना तीच आवडेल असं मला वाटतंय.