शाळेच्या वाचनालयासाठी साधा डेटाबेस करायचा आहे. टेबलं कोणती ठेवावीत?

तुमची सगळी पुस्तकं एक्सेलच्या एकाच शीटमध्ये आहेत आणि कोणतं पुस्तक कोणाकडे आहे हे तिच्यातून कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवतो, वाचनालयही माझ्याकडेच आहे. आमच्याकडे जे चालतं ते सांगतो.

सगळ्यात आधी पुस्तक आणि प्रत वेगळी करा. बाकीचं मागाहून सुधारता येतं, हे मात्र फार जड जातं. एका पुस्तकाच्या पाच प्रती असल्या तर नाव, प्रकाशक, विषय हे सगळं पाचांनाही तेच. ते 'पुस्तक' टेबलात एकदाच लिहायचं. पण मुलगी घरी नेते ती प्रत. वाळवी लागते ती एका प्रतीला. म्हणून 'प्रत' हे वेगळं टेबल, आणि वाचनालयाच्या दाखल रजिस्टरमधला दाखल क्रमांक हीच त्याची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा रकाना. तो प्रतीवर आधीच शाईनं लिहिलेला असतो. आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर, विसंबू नका. तो एका आवृत्तीच्या सगळ्या प्रतींना एकच असतो आणि जुन्या मराठी पुस्तकांवर बहुधा नसतोच.

लेखकांसाठी एक टेबल, आणि पुस्तक-लेखक जोडणारं आणखी एक. त्यात 'भूमिका' हा कॉलम ठेवा, म्हणजे अनुवादकाचीही नोंद होते.

विद्यार्थ्याची ओळख नावावरून ठेवू नका. आपल्याकडे एकेका वर्गात चार राठोड, तीन मेश्राम असतात. जनरल रजिस्टरचा नंबर घ्या. इयत्ता दरवर्षी बदलते, म्हणून विद्यार्थी, शैक्षणिक वर्ष आणि इयत्ता एवढंच असलेलं छोटं टेबल वेगळं ठेवा.

खरा जीव 'देवघेव' टेबलात आहे: दाखल क्रमांक, विद्यार्थी, दिल्याची तारीख, परतीची ठरलेली तारीख, परत आल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा म्हणजे पुस्तक बाहेर. पुस्तक परत आलं तरी ओळ पुसायची नाही. पोट्टे काय वाचतात हे पुढे त्यावरूनच दिसतं. 'प्रत' टेबलात 'उपलब्ध आहे का' असा कॉलम मुळीच ठेवू नका. तीच गोष्ट दोन जागी लिहिली की कधीतरी त्या दोन जागा वेगळं बोलतात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल पद्धत, म्हणजे माहिती अशी एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडली तेव्हाही ही पुनरुक्ती त्यांना खटकत होती.

ठरलेली तारीख 'दिल्यापासून सात दिवस' अशी सूत्रानं काढू नका, नोंदीतच लिहा. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलं शाळेत कमी येतात, तेव्हा मी मुदत वाढवून देतो. उन्हाळ्यात नेलेली पुस्तकं तर शाळा उघडल्यावरच येणार, आणि विदर्भात ती उघडते जूनच्या अखेरीस.

सॉफ्टवेअर म्हणून एसक्यूएलाइट (SQLite) पुरेसं आहे. सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एका फाइलीत राहतो. नोंद करता करता लाइट गेली तर अर्धवट व्यवहार मागे फिरवला जातो. मात्र त्यात फॉरेन कीची, म्हणजे एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात खरंच आहे का याची, तपासणी सहसा बंद असते. दर वेळी डेटाबेस उघडल्यावर ती चालू करावी लागते, नाहीतर नसलेल्या विद्यार्थ्याच्या नावेही पुस्तक जातं. तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं लिहा, म्हणजे त्या नीट क्रमानं लागतात. परत न आलेली नोंद एका प्रतीची एकच असावी, यासाठी 'देवघेव' टेबलावर अटीचा युनिक इंडेक्सही टाका, म्हणजे परतीची तारीख रिकामी असलेल्या ओळींत तोच दाखल क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम. आणि ती फाइल दर शनिवारी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.