तीन नमुने चिकट निघाले, म्हणून शाखा बदलायची?

तुमच्या पत्रात मुलाच्या गुणांना एक ओळ आहे, मेव्हण्याच्या मुलाच्या पॅकेजला चार. मला काळजी वाटली ती याच गोष्टीची. मुलगा प्लास्टिक डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, ७१ टक्के. प्रोजेक्टमधले, ग्लास फायबरच्या कापडात नायलॉन भरून केलेले तीन नमुने चिकट निघाले, म्हणून आता त्याला कॉम्प्युटरला घालायचं तुम्ही ठरवून मोकळे. त्याचं म्हणणं काय, हे पत्रभर कुठेच नाही. नमुने का बिघडले, एवढं तरी विचारलंत?

‘प्लास्टिक वितळवून साच्यात ओतायचं, त्यात कसलं इंजिनिअरिंग?’ असं तुम्ही लिहिता. तसं ओतून पाहा. तयार नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना वितळतं, पण इतकं घट्ट राहतं की कापडाच्या बारीक तंतूंमध्ये नीट शिरतच नाही. म्हणून त्याचा कच्चा माल, कॅप्रोलॅक्टम, वापरतात. ते ६९ अंशांनाच वितळतं आणि जवळपास पाण्यासारखं पातळ होतं. एका टाकीत त्यात उत्प्रेरक, दुसरीत अ‍ॅक्टिवेटर, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, वर कोरडा नायट्रोजन. ऐन वेळी दोन्ही एकत्र करून दीडशे अंशांच्या आसपासच्या साच्यात सोडायचं. नायलॉन काही मिनिटांत तंतूंभोवतीच तयार होतं. साचा त्याच्या वितळणबिंदूखाली असल्यामुळे भाग गरम असतानाच काढता येतो. इपॉक्सी या राळेचा भाग एकदा पक्का झाला की झाला. नायलॉनचा हा भाग पुन्हा तापवून वाकवता येतो, वेल्डही करता येतो.

या प्रक्रियेचा वैरी पाणी. जरासा ओलावा उत्प्रेरक निकामी करतो. मग न जुळलेलं कॅप्रोलॅक्टम उरतं आणि नमुना चिकटतो. पावसाळ्यात कापड उघडं पडलं असेल तर दुसरं काय होणार? मुलाला सांगा: तेच मिश्रण कापडाशिवाय, कोरड्या परीक्षानळीत, दीडशे अंशांना ठेव. घट्ट झालं तर दोष कापडाचा. ते व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर सुकव. तरीही चिकटलं तर तंतूंवरचा लेप तपास; इपॉक्सीसाठी दिलेले काही लेप ही अभिक्रिया अडवतात. नळीतही घट्ट झालं नाही, तर कॅप्रोलॅक्टम ओलं आहे किंवा उत्प्रेरक खराब झालाय. हे सगळं फ्यूम हुडखाली, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, हातमोजे आणि चष्मा घालूनच. उत्प्रेरक दाहक असतो.

डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पॉलिमरलाही, म्हणजे प्लास्टिकच्याच शाखेला, आणि कॉम्प्युटरलाही. त्यामुळे आजच घाई कसली?

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. नळीत काय झालं, तेही त्यानंच कळवावं.