‘अल देन्ते’ला मराठीत काय म्हणायचं?

कोथरूडहून एका ताईंनी विचारलं आहे: “आईच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळे कोरेगाव पार्कातल्या एका मोठ्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. पास्ता आला आणि पहिल्याच घासाला आई म्हणाली, ‘कच्चट राहिलाय गं.’ वाढणारा मुलगा मराठीच होता. तो म्हणाला, ‘आजी, अल देन्ते आहे, तो थोडा कडकच असतो.’ आईला ते पटलं नाही, मलाही नाही. अल देन्तेला आपल्याकडे शब्द आहे का? आणि आईचं ‘कच्चट’ चूक होतं का?”

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आईंना जे जाणवलं ते अगदी बरोबर होतं. शब्द मात्र एक पायरी खाली गेला. त्या मुलाचा ‘कडक’ त्याहून लांब गेला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की रुळलेला एकच एक प्रतिशब्द मराठीत नाही. पण त्याच घडणीचा एक फार सुंदर शब्द आपल्या स्वयंपाकघरात आहे, आणि अल देन्तेचा अर्थ त्याच्या शेजारी ठेवला की लख्ख दिसतो. तो शब्द म्हणजे ‘बोटचेपा’.

‘अल देन्ते’तला ‘अल’ हा ‘आ’ आणि ‘इल’ यांचा जोड, म्हणजे जवळजवळ आपला ‘ला’. ‘देन्ते’ म्हणजे दात. सबंध अर्थ एवढाच: ‘दाताला’. दाताला काय, ते सांगितलेलंच नाही. दाताला जाणवेल असं, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. हा देन्ते आपल्याला परका नाही. लॅटिन ‘देन्स, देन्तिस’ आणि संस्कृत ‘दन्त’ एकाच मुळाचे. आपला दात त्याच घरातला. इंग्रजीच्या वाटेनं आलेला डेंटिस्टही त्याच कुळातला, फक्त येताना त्याच्या द-तचे ड-ट झाले. म्हणून मेनूकार्ड वाचताना ‘अल डेंटे’ म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून उच्चारतात. आपल्या व्याकरणात ल, द, न, त ही चारही व्यंजनं दंत्यच आहेत. ‘दाताला’ असा अर्थ असलेला शब्द उच्चारताना जीभ दर वेळी दातांकडेच जाते!

आता बोटचेपा. माझ्या आजोळी भात पातेल्यात व्हायचा. आजी पळीनं चार शितं काढायची, त्यातलं एक अंगठा आणि तर्जनीत धरून चेपायची. आत कणी लागली की पुन्हा झाकण, आणि शित सहज चेपलं गेलं की पातेलं खाली. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण म्हणून आपण वापरतो. तिथे ती रोज दोन वेळा घडत असे. बोटचेपा हा शब्द त्याच हालचालीतून आलेला आहे: बोटानं चेपलं जाईल इतपत शिजलेलं, पण आकार न मोडलेलं. ‘डाळ बोटचेपी शिजवा, गाळ होऊ देऊ नका’ असं आपण आजही सांगतो. दाबलं की दबणारं असा अर्थ असल्यामुळेच हा शब्द पुढे राजकारणात गेला. वर्तमानपत्रांत ‘सरकारचं बोटचेपं धोरण’ दिसतं, ते भाताच्या पातेल्यातून तिथवर पोचलेलं आहे.

घडण दोन्हीकडे सारखी आहे. पदार्थ किती शिजला हे मिनिटांत सांगितलेलं नाही. ज्या अवयवानं ते कळतं त्याच्याच नावानं सांगितलं आहे. फरक अवयवाचा. आपण हातानं जेवतो. भात कालवताना, घास करताना बोटांना त्याचा मऊपणा तोंडाच्या आधी कळतो, तेव्हा परीक्षाही बोटाचीच. पास्ता काट्यावर गुंडाळून थेट तोंडात जातो. त्याची पहिली गाठ पडते ती दाताशी.

पण पायरी एक नाही, हे लक्षात ठेवायला हवं. बोटचेपं म्हणजे शेवटपर्यंत शिजलेलं, फक्त न फुटलेलं. अल देन्ते त्याच्या किंचित आधी थांबतं. त्याच्याही खाली येतं ते कच्चट, मग दडदडीत. वरच्या बाजूला मऊ, आसट, गुरगुट्या आणि शेवटी गिच्च गोळा. कोरडा-मोकळा अशा अंगानं जायचं तर फडफडीत. इतके बारीक भेद एका भातासाठी आपण करून ठेवले आहेत. कुकर आला आणि ‘तीन शिट्ट्या’ हे माप झालं. झाकण बंद असल्यावर शित काढणार कुठून? यातले निम्मे शब्द आज तिशीतल्या पुणेकराच्या तोंडी नाहीत, याची मला फार खंत वाटते.

त्या मुलाचा ‘कडक’ का बसत नाही? कडक भाकरी असते, पापड असतो, शिळा पाव असतो. त्यात ओल उडून गेलेली असते. पास्त्याची ओल बाहेरून आत जात असते आणि मध्यावर पोचण्याच्या जरा आधी आपण त्याला गाठतो. चिवट म्हणावं तर तो ओढून तोडावा लागत नाही. वातड तर अजिबात नाही. ते सादळलेल्या पुरीसाठी राखून ठेवावं.

कच्चटचा प्रश्न वेगळा आहे. वर्णन म्हणून तो फार चुकत नाही, पण त्यात दोष धरलेला आहे. कच्चट म्हटलं की करणाऱ्याचं चुकलं, असा निकाल लागतो. अल देन्ते ही मात्र दाद आहे. शिजत आलेली स्पागेत्ती दातानं तोडून पाहिली तर मधोमध सुईच्या टोकाएवढा पांढुरका ठिपका दिसतो. आपण त्याला कणी म्हणू. इटालियन स्वयंपाकी त्याला ‘आनिमा’ म्हणतात, म्हणजे आत्मा. आपल्याकडे कणी राहिली तर भात परत आधणाला. तिकडे तो ठिपका पार नाहीसा व्हायच्या आत पास्ता उपसायचा, कारण पुढे गरम सॉसमध्ये तो आणखी शिजणारच असतो. ‘कणीदार’ म्हणावं असं माझ्या मनात येऊन गेलं, पण तो शब्द तुपानं आधीच घेतलेला आहे, आणि तिथे तो कौतुकाचा आहे.

दाताला असा प्रतिकार जाणवायला पीठही तसं लागतं. इटलीत सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा असा कायदा १९६७ साली झाला. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू ज्या जातीचा, तीच. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेलं ‘एमएसीएस ४०२८’ हे वाणही ड्युरमचंच. या गव्हातलं ग्लुटेन या प्रथिनाचं जाळं पिष्टाला धरून ठेवतं, म्हणून उकळत्या पाण्यातही पास्ता विरघळत नाही.

गव्हाचा विषय निघालाच आहे तर लग्नाआधी आपल्याकडे बायका जमून जे वळत त्याचीही आठवण काढायला हवी. गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे. गव्हल्याला नाव गव्हाच्या दाण्यावरून, तसं तिकडे ‘ओर्झो’ नावाच्या पास्त्याला जवावरून. आपले नखुले नखांवरून, त्यांचा ‘ओरेक्येत्ते’ पास्ता म्हणजे छोटे कान. स्पागेत्ती म्हणजे बारीक दोरे, आणि आपल्या शेवयाही तशाच. हातानं वळायच्या वस्तूला अंगाचं नाहीतर धान्याचं नाव द्यायचं, ही दोन्ही घरांची रीत. मग अल देन्तेचा शब्द या बाजूनं का मिळाला नाही? कारण हे सगळं आपण खिरीत दुधाबरोबर मऊ होऊ देतो. खिरीतला गव्हला दाताला लागला तर ती खीर फसली.

नवा शब्द घडवायचा का? ‘दातचेपा’ सुचवणारे मला भेटले आहेत. पण दात चेपत नाहीत, चावतात. ‘दंतस्पर्शी’ मला टूथपेस्टच्या जाहिरातीतला वाटतो. ओट्यापाशी उभं राहून तो कुणी उच्चारणार नाही. मला आपलं साधं क्रियापद पुरेसं वाटतं: ‘दाताखाली येणं’. इथे एक बारकावा आहे. ‘दाताला लागणं’ बहुधा तक्रारीचं असतं, तांदळात खडा लागतो तसं. ‘दाताखाली येणं’ मात्र हवंहवंसं. ‘कूट जाडसर ठेव, दाणा दाताखाली आला पाहिजे’ असं सांगताना आपल्याला नेमकं तेच हवं असतं जे इटालियन माणसाला पास्त्यात हवं असतं. तेव्हा पाककृती लिहिताना ‘पास्ता दाताखाली येईल इतपत शिजवा’ असं बेलाशक लिहावं. मेनूकार्डावर अल देन्तेच राहू द्यावा, द-त नीट उच्चारून.

आणि ताई, पुढच्या वेळी आईंना घेऊन गेलात तर ऑर्डर देतानाच त्या मुलाला सांगा: “आमचे दाताखाली येतील असे आण, आजींचा मात्र बोटचेपा.” मराठी मुलगा आहे, आत जाऊन बरोबर सांगेल.