फायबर बोटीत शाफ्टजवळून येणारं पाणी कायमचं कसं थांबवावं?

तुम्ही लिहिलंय की बोट 30 फुटी, फायबरची आहे, डिझेल इंजिन आत बसवलेलं आहे आणि रात्रभर नांगरावर राहिली की सकाळी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट भागात, पाणी साचलेलं असतं. ओहोटीला बोट टेकवून पी-ब्रॅकेटच्या (शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, तळाखाली आधार देणारा बोल्टने बसवलेला तुकडा) कडेने बाहेरून सिलिकॉन लावलंत, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मी मालवणच्या बाजूला फायबर बोटींची कामं करतो. अशा वेळी माझं पहिलं सांगणं हेच असतं की सिलिकॉनची ट्यूब बाजूला ठेवा. पाण्याखालचा भाग गळतो तेव्हा बहुतेक वेळा तो भाग हलत असतो, नाहीतर त्याचा बोल्ट आतून खाल्लेला असतो. हलणाऱ्या वस्तूला वरून कितीही लिंपलं तरी ते फुटणारच.

आधी पाणी नक्की कुठून येतंय ते पकडा. बिल्ज फडक्याने कोरडं करा. शाफ्टचा ग्लँड (शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग), ब्रॅकेटचे नट, सुकाणूचा ग्लँड आणि सी-कॉक (तळातला पाण्याचा व्हॉल्व्ह) या सगळ्यांच्या बुडाशी टिश्यू पेपर चिकटवा आणि इंजिन बंद ठेवून तासभर बघत बसा. पाणी दिसतं तिथूनच येतं असं धरून चालू नका. आतल्या लांब फ्रेमला धरून ते बरंच पुढे सरकतं. मग टिश्यू काढून घ्या, धक्क्याला घट्ट बांधलेल्या बोटीत गिअर टाका आणि टॉर्च मारून लांबूनच पाहा. फिरत्या शाफ्टजवळ हात किंवा फडकं नेऊ नका. चालू असतानाच गळत असेल तर ब्रॅकेट किंवा थंड पाण्याच्या पाइपवर संशय घ्यावा. तुमच्यासारखं उभ्या बोटीत गळत असेल तर आधी ग्लँड तपासावा.

शाफ्ट फिरत असताना ग्लँडमधून मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत, त्यावरच तो थंड राहतो. बोट उभी असताना मात्र एकही थेंब नको. पडत असेल तर लॉकनट सैल करून मोठा नट थोडा थोडा आवळा. चालवून, इंजिन बंद करून ग्लँडला हात लावा. चटका बसला तर जास्त आवळला गेलाय आणि तो शाफ्ट कापत जाईल. आवळूनही थांबत नसेल तर पॅकिंग, म्हणजे ग्लँडच्या आत भरलेली दोरी, बदला. जुनं सगळं काढायचं, नव्या दोरीच्या वेगवेगळ्या रिंगा तिरक्या कापायच्या आणि त्यांचे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. दोरी अखंड गुंडाळून आत कोंबलेली मी पुष्कळ बोटींत पाहतो. तिच्या वेटोळ्यातून पाण्याला सरळ वाट मिळते.

ग्लँड ठीक असेल तर ब्रॅकेट. त्यासाठी बोट वर घ्यावीच लागेल. पंखा धरून जोरात हलवा. ब्रॅकेटच्या बुडाशी केसाएवढी जरी हालचाल दिसली तरी तो काढायचा. फक्त शाफ्टच खडखडत असेल तर कटलेस बेअरिंग (ब्रॅकेटमधलं, ज्यात शाफ्ट फिरतो ते) झिजलंय, आणि त्याच्याच थरथरीने बोल्ट सैल होतात. बोट लाकडांवर नीट टेकलेली असताना आतून चार-सहा इंच गोडं पाणी भरून बघा. बाहेर जिथे थेंब येईल तीच गळती. स्टार्टर आणि गिअरबॉक्सपर्यंत पाणी चढू देऊ नका. 1000 लिटर म्हणजे एक टन वजन, हेही लक्षात ठेवा.

बोल्ट बाहेर काढून बघितल्याशिवाय चांगला म्हणू नका. स्टेनलेस स्टीलला टिकायला ऑक्सिजन लागतो. भोकात अडकून राहिलेल्या पाण्यात तो मिळत नाही, म्हणून डोकं आणि नट चकचकीत असतानाही मधला दांडा खंगून पेन्सिलीएवढा उरतो. भोकाशी तपकिरी ओघळ ही त्याचीच खूण. पितळेचे साधे फिटिंग पाण्याखाली असतील तर खरवडून बघा. आतला रंग गुलाबी निघाला तर जस्त निघून गेलंय, ते फिटिंग कधीही तुटेल. तिथे ब्राँझच लावा.

भोकाच्या कडेला फायबरच्या मध्ये प्लायवूड असेल आणि ते ओलं, मऊ लागलं तर कुजलेलं सगळं खरवडा, पूर्ण वाळू द्या, घट्ट केलेलं इपॉक्सी भरा आणि नवं भोक त्या इपॉक्सीतच पाडा. पुढे पाणी शिरलं तरी लाकडाला शिवणार नाही. हे काम मी मेच्या उन्हात करायचा आग्रह धरतो. बरेच जण 1 जूनला मासेमारी बंदी लागल्यावर बोट शाकारतात आणि मग हे काढतात, पण तेव्हा लाकूड सुकत नाही आणि दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो.

बसवताना जुनं सिलिकॉन कणभरही उरू देऊ नका, त्यावर दुसरं काही चिकटत नाही. अॅसिटोनने पुसा. भोकाची बाहेरची कड जरा तिरकी घासा म्हणजे बोल्टभोवती सीलंटचं जाड कडं बसतं. सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या, थ्रीएम 5200 किंवा सिकाफ्लेक्स 291 चालेल. शाफ्ट जागेवर ठेवूनच ब्रॅकेट लावा. तो जोर न लावता बसला पाहिजे. फट राहिली तर ती इपॉक्सीने भरायची, बोल्टने ओढून घ्यायची नाही. आतून जाड पट्टी द्या. बोल्टचं डोकं एकाने बाहेरून धरावं आणि फक्त नट फिरवावा, नाहीतर सीलंटचं कडं तुटतं. सीलंट पूर्ण पक्कं व्हायला आठवडाभर द्या.

बोट पाण्यात उतरवल्यावर दोन-तीन दिवसांनी कपलिंगची, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याची, रेषा तपासा. जमिनीवर आणि पाण्यात बोटीच्या कवचाचा आकार थोडा बदलतो. बोल्ट काढून कपलिंगच्या दोन फ्लँजमध्ये (चकत्यांमध्ये) फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला. 4 इंची फ्लँजला चारही बाजूंनी मिळून 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिनाचे माउंट जुळवून घ्या, नाहीतर नवा ब्रॅकेटही सैल होईल.