मीटिंग, सुनावणी रेकॉर्ड करायचीये? मग आधी अंतर बघ
अरे महागडा माईक कुठला घेऊ हे नंतर बघ, आधी माईक बोलणाऱ्याच्या किती जवळ ठेवता येतोय ते बघ, कारण अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो आणि खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो, मग नंतर कितीही व्हॉल्यूम वाढव, घुमारा पण सोबत वाढणारच. खोलीच्या मधोमध एकच माईक ठेवून दहा जणांचं बोलणं स्पष्ट येईल ही आशा सोड. दोघातिघांत एक कार्डिऑइड माईक दे, तो मागचा आवाज कमी घेतो. आणि जमलं तर प्रत्येक माईक वेगळ्या ट्रॅकवर घे, दोघं एकदम बोलले की रेकॉर्डिंग ऐकून टाईप करणारा दुवा देईल तुला!

सेटिंगचं फार टेन्शन नको. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह (.wav, न दाबलेली) फाईल, बास. मोनो ट्रॅकला तासाला साधारण ५१८ एमबी लागतात, तेवढं कार्ड ठेव. एमपी३ म्हणजे दाबून लहान केलेली फाईल नंतर बनवता येते, पण त्यात गेलेली माहिती परत येत नाही.

रेकॉर्डिंगची लेव्हल मात्र नीट लाव, सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्याचा आवाज मीटरवर जास्तीत जास्त उणे १२ डेसिबलच्या आसपास जाऊ दे, शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि तो नीट दुरुस्त होत नाही. हेडफोन लावून ऐकत राहा, मीटर हलतंय म्हणजे आवाज चांगलाच येतोय असं नसतं, पंख्याची घरघर पण मीटर हलवते. आणि दुसरा रेकॉर्डर वेगळ्या बॅटरीवर चालू ठेवच.