जिप्सीचं इंजिन नवं केलं, वेबर बसवला, पण आयडलिंग टिकत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९८ ची जिप्सी किंग आहे. १.३ चं इंजिन बोअर करून घेतलं, रॅलीचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) टाकला, मूळ कार्बोरेटर काढून वेबर ३२/३६ कार्बोरेटर बसवला. चोक ओढलेला असेपर्यंत गाडी नीट चालते, चोक बंद केला की फडफडून बंद पडते. मेस्त्रींनी स्लोचा स्क्रू (आयडलचा वेग ठरवणारा) पिळून १८०० आरपीएमवर ठेवलीय आणि आता म्हणतायत, कार्बोरेटर बदला.

कृपा करून एवढ्यात बदलू नका. चोक ओढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, त्यामुळे चोकवर टिकते म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत जातेय. इंजिन नुकतंच खोललेलं असताना माझा पहिला संशय हवेवरच जातो.

माझ्या जिप्सीला अगदी हेच झालं होतं. कार्बोरेटर चार वेळा खोलून साफ झाला, फरक शून्य. शेवटी वेबर मूळ मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांवर) बसवणारी अडॅप्टर प्लेट काढली. ती दोन तुकड्यांत असते, आणि खालच्या तुकड्याचे अ‍ॅलन स्क्रू वरच्या तुकड्याखाली झाकले जातात, त्यामुळे ते कुणी बघतच नाही. माझे दोन स्क्रू बोटांनी फिरत होते आणि पॅकिंगच्या कडेला पेट्रोलची काळपट ओली रेघ उमटली होती. प्लेट काचेवर ठेवून सपाट आहे का ते पाहिलं, नवं पॅकिंग घातलं, स्क्रूंना थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून कसले. त्या दिवसापासून गाडी सिग्नलला बंद पडलेली नाही.

तुम्ही आधी इंजिन गरम करून अडॅप्टरच्या आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारून बघा. आवाज बदलला की समजा तिथेच हवा घेतेय. फवारा एक्झॉस्टच्या बाजूला जाऊ देऊ नका आणि अग्निशामक हाताशी ठेवा. ब्रेक बूस्टरची नळी चिमटून बघा. जुन्या कार्बोरेटरच्या ज्या व्हॅक्यूम नळ्या आता रिकाम्या आहेत, त्यांची टोकं खरंच बंद आहेत ना, तेही तपासा. एक तडकलेली रबरी टोपीसुद्धा हवा आत घ्यायला पुरते.

आता तो पिळलेला स्क्रू. बटरफ्लायच्या (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) कडेच्या जरा वर बारीक छिद्रं असतात. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडला की आयडलवरून पुढे जाताना ती पेट्रोल देतात. स्लो स्क्रू जास्त पिळला की ती उभ्या गाडीतच उघडी पडतात, पेट्रोल तिथून जायला लागतं आणि आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करणारा मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही. तुमची गाडी १८०० वर टिकते ती याच छिद्रांच्या जोरावर. म्हणून चोक पूर्ण बंद करा, स्लो स्क्रू मोकळा सोडा, लिव्हरला टेकल्यावर एक फेरा आत घ्या, जास्तीत जास्त दीड. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकवून दोन फेरे बाहेर काढा. जोर केलात तर बैठक खराब होते. मग गाडी सुरू करून तो आत घेत जा, अडखळली की हळूहळू बाहेर, जिथे सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथे थांबा.

अडीच फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर काढावा लागला तर आयडल जेट (आयडलचं पेट्रोल मोजून देणारा बारीक छिद्राचा तुकडा) लहान पडतोय किंवा त्यात कचरा आहे. जेट हवेने साफ करा, तार घालू नका. साफ करूनही तेच असेल तर एक नंबर मोठा घाला, ५५ असेल तर ६०, म्हणजे फक्त ०.०५ मिमीचा फरक. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याला जेट थोडा मोठा लागतो, आणि कार्बोरेटर ते आपोआप जुळवून घेत नाही. जेटवर वायरवाला सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असेल तर चावी फिरवल्यावर 'टक्' होतं का ते ऐका, नसेल होत तर आयडलचं पेट्रोलच बंद आहे.

हे सगळं नीट असूनही गाडी टिकली नाही, तर टायमिंग बेल्ट एक दात चुकलाय का बघा. टॅपेटची फट कॅम बनवणाऱ्याने दिलेल्या मापावर हवी. मूळ कॅमचं माप, थंड इंजिनावर इनटेक ०.१३ ते ०.१७ मिमी, या कॅमला लावू नका.

आणि मूळ इंजिनासारखं ८०० चं आयडल मागू नका. रॅलीच्या कॅमने कमी आरपीएमला व्हॅक्यूम कमी होतो, १००० च्या आसपास थोडी हलत उभी राहिली तरी ठीक आहे.

मिक्श्चर स्क्रू किती फेऱ्यांवर स्थिरावला आणि स्पार्क प्लगचा रंग कसा आला, ते खाली लिहा. त्यावरून जेटचा नंबर नक्की सांगता येईल.